येळवशीला निघालेली कॉन्टेसा

श्रीमंतच्या कॉन्टेसाला इथेनॉलवर चालवायचं ठरलं, त्या दिवसापासून सिंधूनं दिराशी बोलणं टाकलं. तशी ती अबोला धरणारी बाई नव्हे. तोंडावर भांडून मोकळी व्हायची आणि पाचव्या मिनिटाला चहा टाकायची. पण या वेळी दोन महिने झाले, चहा नाही आणि भांडणही नाही. लेकीला तिनं एकदाच सुनावलं होतं, "तुझा बाप दारूनं गेला. आता त्याची गाडी बी दारूवर चालवा. लोकं हसतील तर हसू द्या. म्या न्हाई बसणार तिच्यात."

पूनमला हे बोलणं झोंबलं होतं, पण गाडीचा मोह त्याहून मोठा होता. बाप गेला तेव्हा ती चौदा वर्षांची होती. नऊ वर्षं कॉन्टेसा उदगीरच्या घरामागं गोठ्यात उभी होती, अंगावर ताडपत्री आणि ताडपत्रीवर कोंबड्या. नांदेडला नोकरी लागल्यावर पूनमनं पहिलं काम केलं ते गाडी ओढून तिथल्या देगलूर नाक्यावर आणायचं. श्रीमंतच्या हयातीत गाडीला हात लावायची मुभा एकाच माणसाला होती, मोहियोद्दीन मिस्त्रीला. त्याच्याच गॅरेजात ती पुन्हा उघडली गेली.

इथेनॉलचा हट्ट मात्र पूनमचा नव्हता. तो तिच्या काकाचा, वीरेशचा. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट असलेला माणूस दुसरं काय सुचवणार, असं पूनमला वाटलं. "इंजिन उघडलंयच तर उसावरच चालवू तिला," तो म्हणाला होता, आणि म्हणताना त्याचा आवाज उगाचच जड झाला होता.

येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाच्या, आदल्या दिवशी दुपारी ती गॅरेजात पोचली, तर मोहियोद्दीनचाचा बॉनेटमध्ये कंबरेपर्यंत घुसलेले.

"आली का? ये, बघ तुझ्या अब्बांची लाडकी," ते आतूनच बोलले. "ह्या कार्बोरेटरच्या जेटचं भोक मोठं करता करता तीन जेट फेकले म्या. केसाएवढं वाढवायचं, जास्ती झालं की गेलं. मुज्तबा म्हणला, अब्बा, मशीनवर करून आणतो. मी म्हणलं, मशीनला काय कळतंय श्रीमंतशेठची गाडी हाय म्हणून?"

"एवढं कशाला मोठं लागतंय, चाचा?"

"पेट्रोलपेक्षा जास्ती लागतंय हिला आता. दीडपट धर. तेल बदललं की भूक बदलती बेटा." ते बाहेर आले, हात फडक्याला पुसले. "रबरी नळ्या सगळ्या नव्या. जुन्या ह्या तेलात फुगून बसतात. टाकी तर काय सांगू! आत नऊ वर्साचा गंज. मूठभर नट घातले आन सिमेंटच्या मिक्सरला बांधून दिवसभर फिरवली. शेजारचा गुत्तेदार म्हणला, चाचा, स्लॅब कुठं टाकायचाय?"

पूनम हसली. गाडीचा निळा रंग मोहियोद्दीननं मुद्दाम नवा केला नव्हता. डाव्या दारावरचा ओरखडाही तसाच ठेवला होता. नांदेडहून दीड तासात उदगीर गाठायच्या पैजेत श्रीमंतनं मुखेडजवळ बाभळीला घासलं होतं, त्याचा तो ओरखडा. पैज त्यानं जिंकली होती. त्या काळी तो पैजा जिंकायचा, आणि जिंकलेली पैज साजरीही करायचा.

वीरेश आला तो दोन हातांत दोन कॅन घेऊन. पुण्याच्या बाजूला जाऊन त्यानं ते पंपावरून भरून आणले होते. पावती खिशातून काढून त्यानं न विचारताच मोहियोद्दीनला दाखवली.

"मला काय दाखवतो भई, मी काय पोलीस हाय?" मोहियोद्दीन म्हणाले.

"असू द्या. दाखवावी वाटली."

गाडी सुरू झाली. पहिल्यांदा खोकली, मग तिचा आवाज जमिनीतून वर आल्यासारखा गॅरेजभर पसरला. मोहियोद्दीननं डोळे मिटले आणि बोट वर केलं, म्हणजे कुणी बोलायचं नाही. मग टाइमिंग जरासं फिरवलं आणि पुन्हा ऐकलं. "हां," एवढंच म्हणाले, आणि बाह्यांनी डोळे पुसले.

"आता एक ध्यानात ठेव," त्यांनी पूनमला वायपरच्या पाण्याची जुनी बाटली दाखवली. "ह्यात पेट्रोल भरलंय. हे इथेनॉल थंडीत उठत न्हाई. सकाळी आधी हे बटण दाबायचं, पेट्रोलची एक चूळ द्यायची, मग चावी. गरम असली की गरज न्हाई. उगं दाबत बसू नको, एवढीशी बाटली हाय."

"हाव चाचा, कळलं."

"म्या बी येतोय तुमच्यासंगं. तुझ्या आजीनं, शिवम्माअव्वांनी, सांगावा धाडलाय. तुमच्या येळवशीची भज्जी म्या सोडतो व्हय?"

*

मुखेड मागं पडलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. पूनम गाडी चालवत होती आणि वीरेश शेजारी बसला होता. मोहियोद्दीन मागच्या सीटवर डुलक्या घेत होते, पण इंजिनाचा सूर बदलला की त्यांचा एक डोळा उघडायचा.

"काका, वास येतोय बघा. दवाखान्यात सुई टोचायच्या आधी कापूस लावतात ना, तसला."

"येतो जरासा."

"अव्वाला चालंल ना? तिला म्या उसावर चालती एवढंच सांगितलंय."

वीरेशनं काच खाली केली. उत्तर द्यायचं टळलं.

हा वास त्याच्या अंगाला वीस वर्षांपासून चिकटलेला होता, आणि तरीही तो या वासाइतका कशालाच भ्याला नव्हता. नऊ वर्षांपूर्वी अव्वानं, म्हणजे त्याच्या आईनं, श्रीमंतला मागच्या खोलीत कोंडलं. शिवम्मा देवणीची लेक. गुरांत वाढलेली. मारका वळू दाव्याला बांधला की पंधरा दिवसांत माणसात येतो, हे तिनं बापाकडं पाहिलेलं. लेकाचं तसंच होईल असं तिला वाटलं. बाहेरून कुलूप घातलं, चावी कमरेला लावली आणि सांगितलं, एकवीस दिवस. जेवण खिडकीतून द्यायचं, दुसरं काही नाही.

दुसऱ्या दिवशी वीरेश पहिली पाळी करून घरी आला. बायका शेतात गेल्या होत्या. श्रीमंत खिडकीच्या गजांना धरून उभा होता, हात लटलट कापत होते. ज्या भावानं वीरेशला सायकल शिकवली, फी भरली, नोकरीला लावलं, तो म्हणाला, "इरू, तुझ्या पाया पडतो." आणि खरंच वाकला. ते वीरेशला बघवलं नाही. तपासणीसाठी टाकीतून नमुना काढतात त्या काचेच्या बाटलीत त्यानं तिसऱ्या दिवशी कारखान्यातून स्पिरिट आणलं, पाणी घातलं आणि गजांतून आत दिलं. असं दहा दिवस चाललं. बाराव्या दिवशी श्रीमंतला लातूरच्या दवाखान्यात नेलं, आणि तिथंच तो गेला.

तिथल्या तरुण डॉक्टरनं विचारलं होतं, "एकदम बंद केली होती का? अशी एकदम तोडायची नसते, मावशी. त्यानंही माणूस जातो."

अव्वा म्हणाली होती, "हाव. म्याच कोंडलं."

आणि वीरेश तिच्या मागं उभा होता. खिशात हात, हातात तीच बाटली. तोंड उघडायला तेवढाच वेळ होता, आणि त्यानं ते उघडलं नाही. मातीच्या दिवशी सिंधू सगळ्यांसमोर सासूला म्हणाली, "तुमी मारलं माझ्या नवऱ्याला, कुलूप लावून." तेव्हाही तो गप्प राहिला. पुढं त्यानं दवाखान्याचे कागद उदगीरच्या एका ओळखीच्या डॉक्टरला दाखवले. तो म्हणाला, लिव्हर कधीच संपलं होतं, कुणी काही केलं असतं तरी महिना निघाला नसता. हे अव्वाला सांगायला हवं होतं. पण हे सांगायचं तर आधी बाटलीचं सांगावं लागलं असतं. दिवस गेले, वर्षं गेली, आणि जितका उशीर झाला तितकं तोंड जास्तच शिवलं गेलं.

आता त्यानं मनाशी ठरवलं होतं. श्रीमंतच्या गाडीत अव्वाला बसवायचं, शेतात न्यायचं आणि सणाला कडब्याची कोप उभारतात तिच्या सावलीत सगळं सांगायचं. ज्या स्पिरिटनं तोंड काळं केलं त्याच स्पिरिटवर भावाची गाडी चालवून दाखवायची. गाडी चालली तर आपलंही धाडस होईल. वेडेपणाच होता, पण नऊ वर्षं गप्प बसलेल्या माणसाला शहाणपण कुठून सुचणार?

*

शिवम्मा पहाटेच उठली. येळवशीच्या दिवशी बाईला बसायला फुरसत नसते. भज्जीसाठी तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे दाणे कालच सोलून झाले होते, बाजरीचे उंडे वळून झाले होते, आणि आंबील मडक्यात मुरत होती. तिनं आंघोळ केली, इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा केली, कपाळावर भस्म ओढलं आणि मागच्या खोलीकडं पाठ करून बसली.

मागच्या खोलीला दार नव्हतं. श्रीमंत गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी तिनं सुताराला बोलावून दार चौकटीतून काढायला लावलं आणि कुलूपकिल्ली विहिरीत टाकली. घरातल्या कुठल्याच दाराला ती त्यानंतर बाहेरून कडी लावू देत नसे. परगावी जाताना शेजारच्या बाईला बसवायची, पण कुलूप नाही. लोक म्हणायचे म्हातारी भ्रमिष्ट झाली. ती कुणाला काही सांगत नसे.

त्या अकरा दिवसांत ती रोज संध्याकाळी त्या दाराला पाठ लावून भुईमुगाच्या शेंगा फोडत बसायची. आतून पोरगं म्हणायचं, "अव्वा, येक घोट दे गं. येकच." आणि ती म्हणायची, "न्हाई." ज्या लेकाला दोन वर्षं अंगावर पाजलं त्याला ती न्हाई म्हणाली, आणि तो तसाच तहानलेला गेला. पाणी मागणाऱ्या वाटसरूलासुद्धा जिनं कधी परत पाठवलं नाही, तिनं स्वतःच्या पोराला पाठवलं.

गाडीत बसायला ती तयार झाली होती ती केवळ पूनमसाठी. "उसावर चालती गं अव्वा, आपल्या उसावर," नात म्हणाली होती. ऊस म्हणजे वाईट काही नाही. श्रीमंतच ऊस लावायचा. गाडीत त्याच्या अंगाचा वास असेल थोडा, असंही तिला वाटलं होतं.

*

सकाळी आठ वाजता अंगणात गाडी उभी, गाडीपुढं लिंबू ठेवलेलं, आणि गाडी काही केल्या सुरू होईना.

थंडी चांगलीच पडली होती. पूनम बटण दाबत होती, चावी फिरवत होती. इंजिन गुरगुरायचं आणि गप्प व्हायचं.

"किती दाबलीस काल?" मोहियोद्दीननी बाटली वर धरली. आत थेंब नव्हता.

पूनम ओशाळली. काल संध्याकाळी गल्लीतला जो माणूस आला त्याला तिनं गाडी सुरू करून दाखवली होती. शेजारचे मन्मथअप्पा दोनदा आले, त्यांना दोनदा. आणि प्रत्येक वेळी, असू द्या म्हणून, बटण.

"म्या काय सांगितलं होतं? गरम असली की न्हाई लागत," मोहियोद्दीन म्हणाले. "बाप तसाच होता. गाडी दाखवायची हौस लई. चल, म्या चौकातून पेट्रोल आणतो."

"राहू द्या चाचा, वरून हेच घालून बघते." पूनमनं मागचा कॅन ओढला, ओट्यावरचा तांब्या उचलला आणि कॅन वाकडा केला. हात गारठलेले होते. कॅन निसटला, आणि तांब्याभर इथेनॉल अंगणातल्या सड्यावर, रांगोळीवर पसरलं.

"पूने!" सिंधू स्वयंपाकघरातून धावत आली. "आंबिलीचा तांब्या हाय त्यो! देवाच्या तांब्यात दारू वततीस? ह्यासाठीच म्या म्हणत होते. ह्या घरात असलं आणूच नका म्हणत होते."

"आई, ती दारू न्हाई गं."

"मग काय हाय? इचार तुझ्या काकाला. त्यांच्या कारखान्यात काय शिजतंय, इचार!"

दोन महिन्यांनी सिंधू दिराविषयी बोलली ती अशी. वीरेश पुढं झाला, कॅन उभा केला. "वैनी, काय बोलायचं ते मागून बोला. आज सण हाय."

"सण! माझ्या कपाळाला सण ठेवलाय व्हय कुणी?"

तेवढ्यात शिवम्मा ओट्यावरून खाली उतरली. ओल्या रांगोळीपाशी आली, वाकली, दोन बोटं ओलसर मातीत बुडवली आणि नाकाशी नेली.

वीरेशला तिथून पळून जावंसं वाटलं.

"हा वास," शिवम्मा म्हणाली. "हा वास शिरमंतच्या खोलीत येत व्हता."

"कापसाचा असंल अव्वा," पूनम म्हणाली. "दवाखान्यातल्या."

"म्या बी तेच समजले. कंपाउंडर सुई टोचून जायचा, त्याच्या कापसाचा असंल म्हणलं. पर कंपाउंडर दोनच डाव आला. वास रोज व्हता." ती बोटाकडं बघत होती. "देशीचा वास मला ठावं हाय, चांगला दहा वर्सं ठावं हाय. त्यो असा नसतो. हा तुझ्या कारखान्याचा हाय. तू पाळी करून यायचास तवा तुझ्या सदऱ्याला यायचा." मग तिनं मान वर केली. "इरू?"

ही एकच हाक तो नऊ वर्षं टाळत होता. कोप, सावली, जेवणानंतरचा निवांतपणा, जे काही त्यानं योजलं होतं ते सगळं राहिलं.

"म्या दिली, अव्वा," तो म्हणाला. "खिडकीतून. तुमी शेतात गेल्यावर."

मोहियोद्दीन चौकाकडं निघालेले, ते फाटकाशीच थांबले.

"किती दिस?"

"दहा दिस. तिसऱ्या दिवसापसून."

सिंधूचा आवाज फुटला. "तुमी पाजत होते? आमी घरात देवाला नवस बोलत होतो, आन तुमी सख्ख्या भावाला इख पाजत होते?"

"वैनी, त्यो पाया पडला माझ्या. माझ्या, वैनी! मला ते..."

"पाया पडला म्हणून मारला?"

"न्हाई मारला. लिव्हर आधीच गेलतं. म्या उदगीरच्या डाक्टरला इचारलंय. काय केलं असतं तरी महिना..."

"थांब," शिवम्मा म्हणाली. तिनं सिंधूचा हात धरला. "थांब गं. मला इचारू दे." ती वीरेशच्या अगदी जवळ गेली. म्हातारीची उंची त्याच्या खांद्याएवढी, तरी तो मागं सरकला. "शेवटच्या दिशी बी दिलतीस?"

"हाव."

"दवाखान्यात न्यायच्या आधी?"

"दुपारी. थोडी प्याला, उरलेली म्हणला राहू दे, बास झालं."

"बास झालं म्हणला?"

"हाव अव्वा."

"म्हंजे त्यो... म्हंजे त्यो तहानलेला न्हाई गेला?"

वीरेशनं नाही अशी मान हलवली.

शिवम्मा गाडीच्या बॉनेटला टेकली. ती रडेल असं सगळ्यांना वाटलं, पण तिनं मोठा श्वास घेतला, इतका मोठा की आतून काही सुटत असल्यासारखा तिचा खांदा खाली आला. पूनमनं तिला धरलं. मग कुठं तिच्या डोळ्यातून पाणी यायला लागलं, आणि ते थांबेना.

"म्या न्हाई मारला," ती म्हणाली. ती हे कुणाला सांगत होती, कळत नव्हतं. "माझ्या कुलुपानं न्हाई मेलं माझं लेकरू."

सिंधू भिंतीला धरून उभी होती. मातीच्या दिवशी आपण काय बोललो होतो ते तिला आठवलं. तेव्हापासून सासूच्या ताटात वाढताना तिनं एकदाही वर पाहिलं नव्हतं. भाकरी पुढं सरकवायची आणि उठायचं. नऊ वर्षं दोन बायका एका चुलीवर रांधत होत्या आणि दोघींच्या मधे एक बाटली होती, जिचा दोघींनाही पत्ता नव्हता. ती पुढं आली, सासूच्या पायाशी बसली आणि पायांवर डोकं टेकलं.

"ऊठ," शिवम्मा म्हणाली. "तुझं काय चुकलं? तुला जे दिसलं तेच तू बोललीस. मला बी तेच दिसत व्हतं."

वीरेश हात जोडून म्हणाला, "अव्वा, माझं चुकलं. माफ कर."

शिवम्मानं त्याच्याकडं पाहिलं. राग असता तर बरं, असं त्याला वाटलं. राग नव्हता.

"दिलीस त्याचं मला काय न्हाई," ती म्हणाली. "म्या आई असून दगड झाले, तू भाऊ असून पाझरलास. मेल्यावर देवाच्या दारात ते तुझ्याच बाजूनं लागंल. पर डाक्टर बोलला तवा तू माझ्या मागं उभा व्हतास. हिनं मला बोल लावला तवा बी उभा व्हतास. माझा डोळा लागत न्हाई म्हणून लातूरला गोळ्या आणाय कोण जायचं? तूच जायचास. गोळ्या आणल्यास, पर येक शबुद आणला न्हाईस. का रं?"

"भ्यालो, अव्वा."

"मला?"

"हाव."

"माझ्याजवळ तू तरी व्हतास की रं शिल्लक," ती म्हणाली. "तुला काय केलं असतं म्या?"

वीरेशनं खाली बघितलं. मोहियोद्दीन निघून गेले आणि चौकातून पेट्रोल घेऊन आले. त्यांनी बाटलीत ते ओतलं, बटण एकदाच दाबलं आणि पूनमला खूण केली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. एरवी अंगणात टाळ्या पडल्या असत्या.

सिंधू म्हणाली होती की ती या गाडीत बसणार नाही. पण शिवम्मा मागच्या सीटवर बसली तेव्हा तिनं आंबिलीचं मडकं उचललं, मांडीवर घेतलं आणि सासूच्या शेजारी जाऊन बसली. पुढच्या सीटवर मोहियोद्दीन. वीरेशला कुणी ये म्हणालं नाही, येऊ नकोसही म्हणालं नाही. तो भज्जीचं पातेलं घेऊन मोटारसायकलवर मागून गेला. कॉन्टेसाच्या धुराला धूर असा नव्हताच, नुसता वास होता. शेत येईपर्यंत तो त्याच्या तोंडावर येत राहिला.

*

कडब्याची कोप गड्यानं सकाळीच घातली होती. आत पाच पांडव, म्हणजे चुना लावलेले पाच दगड, मांडले होते. पूजा झाली. आंबील शिंपडत शेताला फेरी घालायची वेळ आली, तेव्हा घरातला कर्ता पुरुष म्हणून वीरेश उठला. शिवम्मानं तांब्या त्याच्याच हाती दिला. पुढं तो शिंपडत चालला, आणि मागून पूनम "ओलगे ओलगे, सालम पोलगे" अशी येळवशीची आरोळी देत. तिचा आवाज दोन-तीनदा फुटला, पण ती ओरडत राहिली.

जेवायला बांधावरून जाणाऱ्या दोन अनोळखी माणसांनाही बोलावलं, येळवशीला तसं बोलवायचंच असतं. शिवम्मानं सगळ्यांना आपल्या हातानं वाढलं. मोहियोद्दीनना तिसऱ्यांदा भज्जी वाढली, बाहेरच्यांना खीर वाढली. वीरेशच्या पानातही उंडे, भज्जी, सगळं पडलं, कुठं हात आखडला नाही. पण घे रे, अजून घे रे, असं ती त्याला म्हणाली नाही.

जेवणं झाल्यावर ती कोपीत टेकली. थोड्या वेळानं आतून घोरल्याचा आवाज आला. सगळे एकमेकांकडं पाहायला लागले. दुपारी तर सोडाच, रात्रीही ही बाई कधी गाढ झोपलेली कुणी पाहिली नव्हती. पूनमनं वाकून आत पाहिलं. पदर तोंडावरून सरकलेला, तोंड उघडं, एक हात कडब्यावर पसरलेला. लहान पोर झोपावं तशी ती झोपली होती.

ऊन उतरलं. बाहेरची माणसं घराकडं निघाली, गाड्या-बैलगाड्यांचे आवाज रस्त्यावरून यायला लागले. मोहियोद्दीन म्हणाले, "अंधार पडायच्या आत निघाया पायजे, थंडीत पुन्हा तकलीफ द्यायची ती." पूनमनं चावी काढली आणि आजीला उठवायला वाकली.

"उठवू नको," सिंधू म्हणाली. मग ती वीरेशकडं वळली. आज सकाळचं भांडण सोडलं तर दोन महिन्यांत ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलत होती, आणि आवाज अगदी हळू होता. "भावजी, झोपू द्या त्यांना. नऊ वर्सांची झोप हाय."

वीरेश कोपीच्या तोंडाशी बसला. आत आई घोरत होती. एवढीशीच गोष्ट तिला हवी होती, आणि ती द्यायला त्याला एक वाक्य पुरलं असतं. दवाखान्याच्या त्या खोलीत, हात खिशातून बाहेर काढून, एक वाक्य. तो मोजायला लागला की एवढ्या वर्षांत तिच्या किती रात्री गेल्या असतील. थोडं मोजून त्यानं सोडून दिलं आणि गुडघ्यांत डोकं घालून तिच्या उठायची वाट बघत बसला.